कच्ची फिल्म आणि दादासाहेब फाळके

घरातील जुनी ट्रंक उघडावी आणि तळाशी एखादा कॅमेरा सापडावा, असा योग पुष्कळांस आला असेल. छायाचित्र घेताच ते हाती देणारा कॅमेरा एडविन लँड या अमेरिकन संशोधकाने १९४७ साली जगापुढे मांडला. २००८ साली पोलरॉइड कंपनीने अशा कॅमेऱ्यांची फिल्म बनविणे बंद करण्याचे जाहीर केले आणि असंख्य धडधाकट कॅमेरे मुके होण्याची वेळ आली. नेदरलँड्समधील तिचा कारखाना काही उत्साही मंडळींनी हाती घेतला व २०१० साली नवी फिल्म बाजारात आणली, म्हणून ते पुन्हा बोलू लागले. तरी अशी फिल्म शोधू गेल्यास आमच्या कमठाण्यातच काय, बीदर-कलबुर्गीच्या पेठेतही ती सहजासहजी हाती लागत नाही. फिल्मवाचून कॅमेरा म्हणजे शाईवाचून दौत! हे सत्य ज्यांनी आयुष्यभर अनुभविले, त्या दादासाहेब फाळके यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित होते. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. तेथेच छायाचित्रण त्यांनी आत्मसात केले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय मांडला. परंतु प्लेगच्या साथीत पत्नी व मूल दगावले आणि तो संसार मोडला. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी म्हणजेच सरस्वतीबाई. पुढील कथेत त्यांचा वाटा मोठा आहे.

१९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट त्यांनी पाहिला आणि राम-कृष्णांच्या कथा असाच पडद्यावर आणण्याच्या ध्यासाने त्यांस घेरले. परंतु कॅमेरा कोठे मिळावा? फिल्म कोठून आणावी? या देशात दोन्ही तयार होत नव्हते. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. तेथे त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला, कोडॅकची कच्ची फिल्म व तिला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदविली आणि दोन महिन्यांच्या आत ते परतले.

ही छिद्रे कशासाठी, हे समजून घेतले पाहिजे. कॅमेऱ्यातील दाते फिल्मच्या कडांवरील छिद्रांत अडकून तिला एकेक चौकट पुढे सरकवितात. छिद्रे एका रेषेत व सारख्या अंतरावर नसतील, तर पडद्यावरील चित्र थरथरते. फाळक्यांच्या हाती आलेली फिल्म मात्र छिद्रांवाचून, कोरीच होती. थोडा जरी उजेड लागला तरी ती वाया जाणार. म्हणून रात्री, अंधाऱ्या खोलीत, सरस्वतीबाई यंत्रावर बसून तिला छिद्रे पाडीत. एका फुटात सोळा चौकटी आणि प्रत्येक चौकटीच्या दोन्ही कडांना चार-चार छिद्रे. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३७०० फूट होती. म्हणजे केवळ तेवढ्या लांबीत चार लाख सत्तर हजारांहून अधिक छिद्रे झाली! दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करून रात्री हे काम करणाऱ्या त्या गृहिणीचे नाव पडद्यावर झळकले नाही. परंतु तो चित्रपट तिच्या हातांतूनच पुढे सरकला.

पुरेसे भांडवल नसता फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडी थोडी फिल्म खर्चून त्याच्या वाढीची चित्रे घेतली आणि जेमतेम मिनिटभराच्या चित्रफितीत अंकुराचा वेल झालेला दाखविला. ते पाहून साहाय्यक पुढे आले. सरस्वतीबाईंचे दागिनेही या कामी आले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

पुढे फाळके नाशिकला आले. पहिल्या महायुद्धात भांडवलदारांनी हात आखडता घेतला, तरी १९१७ साली त्यांनी ‘लंकादहन’ पूर्ण केला. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्ण साकारला. बोलपट आले आणि काळ पालटला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला.

तथापि उमेद संपली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आले आणि परवान्यावाचून चित्रपट काढणे अशक्य झाले. वृद्ध फाळक्यांनी परवान्यासाठी अर्ज केला. नकाराचे पत्र १४ फेब्रुवारी १९४४ रोजी हाती पडले आणि दोनच दिवसांनी, १६ फेब्रुवारीस, नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. ज्यांनी या देशात प्रथम फिल्मला वाचा दिली, त्यांस अखेरीस फिल्मच नाकारली गेली, याची खंत आम्हांस वाटल्यावाचून राहत नाही. पुढे १९६९ पासून भारत सरकारने त्यांच्या नावे चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार सुरू केला.

‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी आज पहिले व शेवटचे एवढेच उपलब्ध आहे. फिल्म मिळविणे कठीण. मिळालेली जपणे त्याहून कठीण. तेव्हा ट्रंकेतील जुन्या कॅमेऱ्यास फिल्म मिळो वा न मिळो, त्याच्याशेजारी पडलेली जुनी छायाचित्रे तरी ओल आणि वाळवीपासून आम्ही सांभाळू या. अंधाऱ्या खोलीत छिद्रे पाडीत बसलेल्या त्या हातांचे एवढे ऋण तरी आमच्याकडून फिटावे.