ज्या पुस्तकामुळे सोस्यूर जगभर गाजले, ते त्यांनी लिहिलंच नव्हतं. ते उभं राहिलं विद्यार्थ्यांच्या वह्यांमधून

कॉलेजमध्ये असताना परीक्षेच्या आदल्या रात्री कुणाच्या तरी नोट्सची झेरॉक्स मारली नाही, असा माणूस सापडणं अवघड. प्रत्येक वर्गात एक जण असतो, जो सर बोलतील ते सगळं उतरवून घेतो. बाकीचे त्याच्या वहीवर पास होतात.

पण अशाच काही वह्यांवर एक अख्खं शास्त्र उभं राहिलं, असं सांगितलं तर?

ही गोष्ट आहे स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा विद्यापीठाची, आणि तिथं भाषा शिकवणाऱ्या फर्दिनां द सोस्यूर यांची. आधुनिक भाषाशास्त्राचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. आज जगात कुठंही भाषाशास्त्राच्या वर्गात बसलात, तर पहिल्या काही दिवसांतच हे नाव कानावर पडतं.

सोस्यूर यांचा जन्म 26 नोव्हेंबर 1857 चा, जिनिव्हाचा. घराणं नावाजलेलं. पणजोबा ओरास-बेनेदिक्त यांनी 1787 साली मों ब्लां हे शिखर सर केलं होतं. वडील कीटकशास्त्राचे अभ्यासक. अशा घरातला मुलगा विज्ञानाकडे जाणार, हे ठरल्यासारखंच होतं. गडी गेलाही. 1875 साली जिनिव्हा विद्यापीठात त्यांनी भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेतलं, पण वर्षभरातच त्यांचं मन तिथून उडालं.

कारण डोक्यात भाषा होती. शाळकरी वयातच त्यांनी सगळ्या शब्दांची मुळं मोजक्या ध्वनींमध्ये शोधायचा प्रयत्न केला होता आणि तो निबंध घराण्याचे स्नेही, भाषा अभ्यासक आदोल्फ पिक्ते यांना वाचायला दिला होता. पिक्ते यांनी पोराला प्रेमानं जमिनीवर आणलं, पण नाद सुटला नाही.

1876 मध्ये ते जर्मनीतल्या लाइपझिगला गेले. भाषांच्या तुलनेचा अभ्यास करायचा तर तेव्हा लाइपझिगसारखी जागा नव्हती. तिथं त्यांनी एक पुस्तक लिहिलं. विषय होता इंडो-युरोपीय भाषांमधले मूळ स्वर. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषा एकाच कुळातल्या, आणि आपली मराठीही त्याच कुळातली. या कुळाच्या मूळ भाषेत काही असे ध्वनी असले पाहिजेत जे पुढे नाहीसे झाले, असं त्यांनी निव्वळ तर्कानं मांडलं. तेव्हा त्यांचं वय होतं 21.

पुरावा? काहीच नव्हता. तो मिळाला 1927 साली. तुर्कस्तानात सापडलेल्या हित्ती भाषेच्या मातीच्या पाट्या तोवर वाचता येऊ लागल्या होत्या. पोलंडचे भाषाशास्त्रज्ञ कुरिवोविच यांनी दाखवून दिलं, की सोस्यूर यांनी सांगितलेल्या जागी हित्तीमध्ये खरंच एक ध्वनी शिल्लक आहे. पण तोवर सोस्यूर यांना जाऊन 14 वर्षं झाली होती.

1880 मध्ये त्यांनी संस्कृत व्याकरणातल्या षष्ठीच्या एका प्रयोगावर डॉक्टरेट मिळवली आणि ते पॅरिसला गेले. तिथं दहा वर्षं शिकवलं. पुढे फ्रान्समधले मोठे भाषाशास्त्रज्ञ झालेले आंत्वान मेये त्यांच्याच वर्गातले. 1891 मध्ये सोस्यूर जिनिव्हाला परतले, संस्कृत आणि इंडो-युरोपीय भाषांचे प्राध्यापक म्हणून.

जिनिव्हा तेव्हा भाषाशास्त्राचं केंद्र वगैरे नव्हतं. वर्ग छोटे, विद्यार्थी मोजके. सोस्यूर जवळजवळ दरवर्षी संस्कृत शिकवत राहिले.

याच काळातला एक किस्सा थेट भारताशी जोडलेला आहे. विद्यापीठात मानसशास्त्र शिकवणारे तेओदोर फ्लूर्नोआ एका बाईचा अभ्यास करत होते. हेलन स्मिथ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या बाईच्या अंगात यायचं. मागच्या जन्मी आपण पंधराव्या शतकात कानडा प्रांतातल्या राजाची राणी होतो, असं ती सांगायची आणि संस्कृतसारखं काहीतरी बोलायची. फ्लूर्नोआ यांनी सोस्यूर यांना मदतीला घेतलं. त्यांनी बाईची चेष्टा न करता तिचे शब्द शांतपणे तपासले. हे संस्कृत नाही, मधेमधे संस्कृतचे तुकडे तेवढे आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. पण संस्कृतच्या स्वभावाशी विसंगत असंही त्यात फारसं काही नाही, हेही त्यांनी नोंदवलं.

इतका बारकाईचा माणूस, पण लिहायला बसला की अडायचा. 1894 मध्ये मेये यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हीच अडचण सांगितली होती. भाषेबद्दल दहा ओळी नीट लिहिणंही त्यांना जड जात होतं, कारण वापरातले सगळे पारिभाषिक शब्दच त्यांना चुकीचे वाटत होते.

1906 च्या अखेरीस विद्यापीठातले जुने प्राध्यापक निवृत्त झाले आणि सामान्य भाषाशास्त्र हा विषय सोस्यूर यांच्याकडे आला. 1907 ते 1911 या काळात त्यांनी तो तीनदा शिकवला. वर्गात किती जण? पहिल्या वेळी पाच-सहा, शेवटी डझनभर.

या डझनभरांसमोर ते जे बोलत होते, ते नवीन होतं. भाषा म्हणजे वस्तूंना चिकटवलेल्या नावांची यादी नव्हे, असं त्यांचं म्हणणं. आपण झाडाला झाड म्हणतो, पण झाडात झाडपणाचा तो आवाज कुठंच नसतो. हे नातं समाजानं मान्य केलेलं असतं, एवढंच. आणि शब्दाची किंमत ठरते आजूबाजूच्या शब्दांवरून. मराठीत काका आणि मामा दोन्ही आहेत, म्हणून काका म्हणजे मामा नव्हे. इंग्रजीत दोघंही अंकलच.

ते रोज सुटणाऱ्या जिनिव्हा-पॅरिस गाडीचं उदाहरण देत. डबे, इंजिन, माणसं सगळं बदलतं, तरी आपण तिला तीच गाडी म्हणतो. 2022 मध्ये डेक्कन क्वीनचे डबे नवे आले, तरी पुणेकरांसाठी ती डेक्कन क्वीनच राहिली. तसंच हे.

विद्यार्थ्यांना वाटायचं, सरांनी यावर पुस्तक लिहावं. 1909 मध्ये रिडलिंजर या विद्यार्थ्याशी बोलताना त्यांनी तो विषयच मोडीत काढला. 1911 मध्ये गोतिए या दुसऱ्या विद्यार्थ्याला त्यांनी आपली घालमेल सांगितली. विषय आहे तसा, सगळ्या शंकांसकट मांडावा, की परीक्षा द्यायला बसलेल्या मुलांना झेपेल इतका सोपा करावा? शिकवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडणारा हा प्रश्न त्यांना शेवटपर्यंत सुटला नाही.

1912 च्या उन्हाळ्यात ते आजारी पडले. 22 फेब्रुवारी 1913 रोजी व्ह्यूफ्लां इथं त्यांचं निधन झालं. वय 55.

शार्ल बाली आणि आल्बेर सेशए या त्यांच्या शिष्यवजा सहकाऱ्यांनी कागदपत्रं शोधली, पण हाती फारसं लागलं नाही. व्याख्यानांचे कच्चे कागद सर फाडून टाकत असत. त्यात या दोघांनी ती व्याख्यानं स्वतः ऐकलीच नव्हती, कारण त्याच वेळी त्यांना स्वतःचे तास असायचे.

मग उरल्या वह्या. रिडलिंजरची वही आली. सेशए यांच्या पत्नी मार्गरीत तिसऱ्या वर्गात बसल्या होत्या, त्यांचीही आली. आणखी काही विद्यार्थ्यांनी दिल्या. त्या समोर ठेवून, ताडून बघून, दोघांनी एक सलग पुस्तक रचलं. 1916 साली, महायुद्ध चालू असताना, ते सोस्यूर यांच्या नावानं बाजारात आलं. त्याच्यावर भाषाशास्त्र तर बदललंच, पण मानववंशशास्त्र आणि साहित्याची समीक्षाही बदलली.

पण ते नक्की कुणाचं? 1957 मध्ये रॉबेर गोदेल यांनी मूळ वह्या तपासल्या, तेव्हा दिसलं की पुस्तकातलं शेवटचं, सगळ्यात गाजलेलं वाक्य एकाही वहीत नाही. ते संपादकांचं होतं. पुढच्याच वर्षी कोंस्तांतें या विद्यार्थ्याच्या वह्या पुढे आल्या. तिसऱ्या वर्गाच्या सगळ्यात तपशीलवार नोंदी त्यात होत्या, आणि संपादकांनी त्या कधी पाहिल्याच नव्हत्या. 1996 मध्ये सोस्यूर घराण्याच्या वाड्यात खुद्द त्यांच्या हस्ताक्षरातले कागदही सापडले.

बाली आणि सेशए यांनी सरांच्या शंका झाकल्या, असा आरोप आजही होतो. त्यात तथ्यही आहे. पण ते दोघं शंका मिटायची वाट बघत बसले असते, तर सोस्यूर हे नाव कदाचित संस्कृतच्या मोजक्या अभ्यासकांपुरतंच उरलं असतं. सर ज्या प्रश्नापाशी थांबले होते, त्याचं उत्तर त्यांच्या माणसांनी आपल्या परीनं देऊन टाकलं. आणि त्यासाठी त्यांच्या हाताशी होतं काय, तर पाठच्या बाकांवर जपून ठेवलेल्या काही वह्या.