पुण्यश्लोक अहिल्याबाई : सूनपणापासून राज्यधुरेपर्यंत

महाराष्ट्राच्या इतिहासात प्रातःस्मरणीय ठरलेल्या स्त्रियांमध्ये अहिल्याबाई होळकरांचे स्थान अनन्य आहे. धनगर ज्ञातीत जन्मलेल्या आणि अखिल भारताने आपली मानलेल्या या साध्वीचे चरित्र आपल्या कुटुंबांतून आदराने सांगितले जाते. नाटककारांनी ते रंगभूमीवर आणले, इ. स. २००२ मध्ये त्यावर हिंदी चित्रपट निघाला आणि इ. स. २०२१ पासून दूरचित्रवाणीवरील मालिकेने ते घरोघरी पोहोचविले. तथापि अशा कलाकृतींतील दोन प्रसंगच प्रेक्षकांच्या मनात विशेष ठसतात : चौंडीच्या देवळातील त्या चिमुरड्या मुलीचा होळकरांच्या घराण्याशी जुळलेला विवाहसंबंध आणि माळव्याच्या गादीवर झालेले तिचे आरोहण. या दोन प्रसंगांत चौतीस वर्षांचे अंतर आहे. त्या चौतीस वर्षांत काय घडले, हे नीट पाहिल्यावाचून या चरित्राचा खरा बोध होणार नाही.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी जामखेड तालुक्यातील चौंडी या खेड्यात झाला. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत नसतानाही त्यांनी कन्येस घरीच लिहिण्या-वाचण्याचे शिक्षण दिले, असे चरित्रकार सांगतात. सुभेदार मल्हारराव होळकर यांची दृष्टी या मुलीवर पडली आणि इ. स. १७३३ मध्ये त्यांचे पुत्र खंडेराव यांच्याशी तिचा विवाह झाला. मल्हाररावांनी स्वतः सामान्य मेंढपाळ कुळातून वर येऊन, तलवारीच्या बळावर माळव्याची सुभेदारी मिळविली होती. कर्तृत्व कुळात नसून माणसात असते, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. म्हणूनच की काय, सुनेची पारख करताना त्यांनी हुंडा वा घराण्याची थोरवी पाहिली नाही.

विवाहाने अहिल्याबाई राजघराण्यात आल्या. परंतु राज्य काही त्यांना विवाहाने मिळाले नाही. ते मिळाले सासऱ्यांनी दिलेल्या शिक्षणामुळे आणि त्यांनी स्वतः केलेल्या परिश्रमामुळे. सासू गौतमाबाईंच्या हाताखाली त्या घरचा व खासगीचा कारभार शिकल्या. मल्हारराव बहुतेक काळ मोहिमांवर असत. मागे वसूल जमा करणे, पत्रव्यवहार पाहणे, फौजेला रसद व दारूगोळा पोहोचविणे ही कामे हळूहळू सुनेकडे येऊ लागली. इ. स. १७६५ मध्ये मल्हाररावांनी त्यांना पाठविलेल्या आज्ञापत्रात चंबळ ओलांडून ग्वाल्हेरीस जाण्याची, मोठा तोफखाना जवळ बाळगून त्याच्या दारूगोळ्याची तरतूद करण्याची आणि वाटेवर चौक्या बसविण्याची सूचना आढळते. एका सरदाराने आपल्या सुनेस असे काम सांगावे, यातच तिच्यावरील विश्वासाचे प्रमाण आहे.

त्यापूर्वीच त्यांच्यावर मोठा आघात होऊन गेला होता. इ. स. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव धारातीर्थी पडले. त्यांच्या इतर पत्नींनी सहगमन केले. अहिल्याबाईंनीही तोच निश्चय केला होता. परंतु पुत्रशोकाने खचलेल्या मल्हाररावांनी त्यांना विनवून परावृत्त केले. तत्कालीन समाजात विधवेचे जिणे म्हणजे घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यातील जिणे. मल्हाररावांनी मात्र सुनेस त्या कोपऱ्यात लोटले नाही. उलट दौलतीचा अधिकाधिक भार तिच्या हाती सोपविला. त्या चितेपासून परत फिरलेल्या स्त्रीने पुढे लक्षावधी प्रजेचा सांभाळ केला, हे ध्यानात घेतले म्हणजे सासऱ्याच्या त्या एका निर्णयाचे मोल कळते.

इ. स. १७६६ मध्ये मल्हारराव निवर्तले. अहिल्याबाईंचे पुत्र मालेराव यांस सुभेदारी मिळाली. परंतु वर्षाच्या आतच, इ. स. १७६७ मध्ये, तेही वारले. आता दौलतीस पुरुष वारस उरला नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी अल्पवयीन मुलास दत्तक घेण्याचा आग्रह धरला. तसे झाले असते, तर नाव दत्तकाचे आणि सत्ता दिवाणाची, अशी स्थिती झाली असती. अहिल्याबाईंनी हा बेत ओळखून ठाम नकार दिला. तेव्हा चंद्रचुडांनी राघोबादादांस पाचारण केले आणि दादा फौजेसह उज्जयिनीजवळ क्षिप्रेपर्यंत येऊन ठेपले.

या प्रसंगी अहिल्याबाईंनी दाखविलेली तयारी हे चौतीस वर्षांच्या शिक्षणाचेच फळ होते. त्यांनी फौज सिद्ध केली, शिंदे, भोसले, गायकवाड आदी सरदारांस पत्रे धाडली आणि पुण्यास थोरल्या माधवराव पेशव्यांकडे आपला हक्क मांडला. स्त्रीशी लढून जय मिळाला तर त्यात कीर्ती नाही आणि पराजय झाला तर अपकीर्तीस सीमा नाही, असा पेच त्यांनी दादांपुढे उभा केल्याचे परंपरा सांगते. दादांनी शस्त्र न उपसता माघार घेतली. माधवरावांनी अहिल्याबाईंच्या अधिकारास मान्यता दिली. फौजेचे नेतृत्व तुकोजी होळकरांकडे देऊन अहिल्याबाईंनी राज्यकारभार स्वतःच्या हाती ठेवला आणि नर्मदातीरी महेश्वर येथे राजधानी वसविली.

पुढील अठ्ठावीस वर्षे हे राज्य न्यायासाठी ओळखले गेले. निपुत्रिक विधवेची मालमत्ता सरकारजमा करण्याची चाल तेव्हा सर्वत्र होती. खरगोणच्या सावकारांच्या विधवांनी आपले द्रव्य अर्पण केले असता ते न स्वीकारता लोकोपयोगी धर्मकार्यास लावण्याचा सल्ला अहिल्याबाईंनी दिला. डोंगरातील भिल्लांस वाटसरूंकडून ठरावीक भिलकवडी घेण्याचा हक्क देऊन, त्या बदल्यात मार्गाच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. महेश्वरास विणकर वसवून त्यांनी जो हातमाग उभा केला, त्याचे लुगडे आजही त्या गावाच्या नावाने ओळखले जाते.

त्यांचा दानधर्म दौलतीच्या तिजोरीतून नव्हे, तर खासगीच्या उत्पन्नातून होत असे. काशीविश्वेश्वराचे मंदिर इ. स. १७८० मध्ये, तर गयेचे विष्णुपद इ. स. १७८७ मध्ये त्यांनी बांधविले. आपल्या मराठवाड्यात परळीचा वैजनाथ, औंढ्याचा नागनाथ आणि वेरूळचा घृष्णेश्वर या स्थानांच्या जीर्णोद्धाराशी त्यांचे नाव निगडित आहे. यांपैकी परळी व औंढा हा मुलूख तेव्हा निजामाच्या अंमलाखाली होता. जेथे एक पैचाही वसूल मिळावयाचा नव्हता, तेथे त्यांनी द्रव्य खर्चिले. लातूरकडून परळीस किंवा नांदेडहून औंढ्यास जाणाऱ्या यात्रेकरूने दर्शन घेताना एवढे स्मरण ठेवावे.

वार्धक्यात त्यांना सुख लाभले नाही. नातू गेला, इ. स. १७९१ मध्ये जामात यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई सती गेली. जिला सासऱ्यांनी चितेवरून परतविले, तिला स्वतःच्या कन्येस परतविता आले नाही. तरीही त्यांनी राज्याचे काम सोडले नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांचे देहावसान झाले.

ज्ञातिबंधुभगिनींनो, इ. स. २०२५ मध्ये त्यांच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने पुतळे उभारले, मिरवणुका निघाल्या, हे योग्यच झाले. परंतु आठव्या वर्षी झालेला विवाह ही त्या काळाची रूढी होती. आज ती कायद्याने निषिद्ध आहे आणि अहिल्याबाईंचे नाव घेऊन कोणीही तिचे समर्थन करू नये. अनुकरण करावयाचे ते माणकोजींचे, ज्यांनी मुलीच्या हाती पाटी दिली. आणि मल्हाररावांचे, ज्यांनी विधवा सुनेच्या हाती दौलत दिली. माळेगावच्या खंडोबास भंडारा उधळणाऱ्या आपल्या प्रत्येक घराने एवढा निश्चय केला, की शिकणाऱ्या मुलीचे शिक्षण लग्नासाठी मोडावयाचे नाही आणि विधवा सुनेस घरच्या व्यवहारातून वगळावयाचे नाही, तर पुण्यश्लोक मातोश्रींचे याहून उचित स्मारक दुसरे नाही.