माणसे घडवणारे ठक्करबाप्पा



२९ नोव्हेंबर हा ठक्करबाप्पांचा जन्मदिवस. त्यांची जन्मभूमी भावनगर. पण त्यांची खरी कर्मभूमी म्हणजे बडोद्याहून रेल्वेने काही तासांवर असलेले दाहोद. इतक्या जवळ होऊन गेलेल्या माणसाची आपल्या मुलांना ओळख नसावी, याची आम्हाला रुखरुख वाटते.

ही ओळख आज करून देण्याला आणखी एक कारण आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा आम्ही काही शिक्षक आणि माजी विद्यार्थी मदतीला धावलो. जेवणाची पाकिटे, पिण्याचे पाणी, कोरडे कपडे गोळा झाले. पण याद्या, पैसे आणि खोलीची किल्ली हे सारे आमच्यातल्या एकाच्याच हाती होते. तिसऱ्या दिवशी तो तापाने अंथरुणाला खिळला आणि आम्ही सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. सामान होते, माणसेही होती, पण काम थांबले. तेव्हापासून आम्हाला ठक्करबाप्पांची आठवण वारंवार येते.

अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर यांचा जन्म १८६९ साली झाला. पुण्यात शिकून १८९० मध्ये ते एल. सी. ई. झाले, म्हणजे त्या काळचे इंजिनिअर. काठेवाडातील संस्थाने, पूर्व आफ्रिकेतील रेल्वे, काही काळ सांगली संस्थान आणि शेवटी मुंबई महापालिका अशा त्यांच्या नोकऱ्या झाल्या. नामदार गोखले, महर्षी कर्वे आणि महर्षी विठ्ठल रामजी शिंदे या आपल्या मराठी मंडळींचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. मुंबईत शहराचा कचरा वाहून नेण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्या निमित्ताने सफाई कामगारांच्या वस्त्यांत जाणे होई. तिथली घाण, कर्जाचा फास आणि शाळेवाचून हिंडणारी मुले त्यांनी रोज पाहिली. साहेबाच्या खुर्चीत बसून हुकूम सोडल्याने यातले काही बदलणार नाही, हे त्यांना पटले.

१९१४ साली त्यांनी नोकरी सोडली आणि गोखल्यांच्या भारत सेवक समाजात प्रवेश केला. तेव्हा त्यांचे वय ४४ होते. गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेचा नियम असा, की नव्या सभासदाने पाच वर्षे शिक्षण घ्यायचे, अनुभवी सेवकाच्या देखरेखीखाली काम करायचे आणि तुटपुंज्या वेतनात भागवायचे. चांगल्या पगाराचा, हाताखाली माणसे असलेला इंजिनिअर पुन्हा उमेदवार झाला. पुढे त्यांनी जी तरुण माणसे तयार केली, तिचे बीज आम्हाला इथे दिसते. जो स्वतः या वयात शिकायला बसला, त्याला दुसऱ्याच्या शिकण्याला लागणारा वेळ कळला असणार.

१९२१-२२ मध्ये पंचमहालात दुष्काळ पडला. बाप्पा मदतीसाठी दाहोद भागात गेले. भिल्लांच्या पाड्यांत अन्न नव्हते, अंगावर वस्त्र नव्हते. पण त्यांना असे दिसले, की पाऊस पडला तरी सावकार, दारू, वेठबिगार आणि निरक्षरता राहणारच. धान्य वाटून परत यावे, तर पुढच्या दुष्काळात पुन्हा तेच. म्हणून १९२२ साली त्यांनी भील सेवा मंडळ स्थापन केले आणि पुढची दहा वर्षे मुख्यत्वे या कामाला दिली. गावोगावी शाळा निघाल्या, आश्रम निघाले, विहिरी आणि दवाखाने झाले.

हे सारे एका माणसाने केले असे लिहिणे खोटे ठरेल. बाप्पांनी तरुण जमवले आणि त्यांना एकेका ठिकाणी बसवले. गावात राहायचे, भिल्लांची बोली शिकायची, आश्रम चालवायचा, अडचण निघाली तर वाट काढायची, ही जबाबदारी त्या तरुणाची. बाप्पा फिरत राहत, पाहत, विचारपूस करीत. हिशेबाच्या बाबतीत ते फार कडक होते. सार्वजनिक पैशातल्या पैचाही जाब ते मागत, आणि तोच नियम स्वतःलाही लावत. त्यांची स्वतःची रोजनिशीही नियमित असे.

या तरुणांपैकी लक्ष्मीदास श्रीकांत पुढे स्वतंत्र भारताचे अनुसूचित जाती-जमातींचे पहिले आयुक्त झाले. डाह्याभाई नायकांनी आयुष्य पंचमहालातच वेचले. पां. गो. वणीकर हे आपले मराठी गृहस्थ पुढे मंडला भागात गोंडांमध्ये कामाला गेले. १९३२ मध्ये गांधीजींनी हरिजन सेवक संघाचे सरचिटणीसपद सोपवले आणि बाप्पांना दिल्लीला जावे लागले. पण दाहोदचे काम बंद पडले नाही. ते चालवणारी माणसे तिथे उभी होती.

अमृतलाल ठक्करांचे ‘बाप्पा’ झाले ते यातूनच. बाप मुलाला सायकल शिकवताना थोडा वेळ मागून धरतो आणि मग सोडतो. मूल पडेल ही धास्ती त्यालाही असते. धरून ठेवणे सोपे, सोडणे अवघड.

१९४६ मध्ये नोआखालीत दंगल झाली. गांधीजींनी आपल्या सहकाऱ्यांना वेगवेगळ्या गावी एकेकटे पाठवले. ७७ वर्षांचे बाप्पाही हाईमचर भागात जाऊन राहिले. इतरांना एकटे पाठवणारा हा माणूस त्या वयात स्वतःही एकटा जायला तयार होता. घटना समितीतही ते आदिवासींच्या प्रश्नांसाठी झटले आणि १९४८ मध्ये भारतीय आदिमजाती सेवक संघ उभा राहिला. जानेवारी १९५१ मध्ये भावनगरला त्यांचे निधन झाले. महाराष्ट्रात आदिवासी वस्त्यांच्या सुधारणेची सरकारी योजना त्यांच्याच नावाची आहे.

आता आमच्याविषयी. पुरानंतर आम्ही पुष्कळ विचार केला. यंदा शाळेच्या सेवा पथकाची यादी, किल्ली आणि हिशेबाची वही नववीच्या मुलामुलींकडे द्यायचे ठरले आहे. शिक्षक दर शनिवारी वही पाहतील, प्रश्न विचारतील. पण पेन हातात घेणार नाहीत. बेरजा चुकतील, एखादे वेळी सामान उशिरा पोहोचेल. पालकांनी तेवढे सांभाळून घ्यावे ही विनंती. पाणी पुन्हा कधी चढले, तर आमच्यापैकी कोणी आजारी पडल्यामुळे कुणाच्या घरी अन्न पोहोचायचे राहू नये, एवढीच आमची इच्छा आहे.