अकराशे नव्हे, शंभरच जंतू!

नळाच्या पाण्यात एखादा बारीक किडा वळवळताना दिसला की पातूर असो वा अकोला, माणूस आधी माठ रिकामा करतो. ते योग्यच. पण वाळूच्या संथ गाळणीत असे जीव नांदू दिले जातात आणि त्यांच्यावर नजरही ठेवली जाते. गाळणीवर अशी नजर का हवी, हे जगाला पटवले रॉबर्ट कॉख यांनी.

कॉख जन्मले ११ डिसेंबर १८४३ रोजी, जर्मनीतल्या क्लाउस्थाल या खाणींच्या गावात. खेड्यात डॉक्टरकी करतानाच त्यांनी १८७६ मध्ये जनावरांच्या फाशी रोगाचा जंतू उलगडला, १८८२ मध्ये क्षयाचा. पुढे कोलकात्यात येऊन पटकीचा जंतू त्यांनी तिथल्या तलावाच्या पाण्यातही शोधला. क्षयावर औषध सापडल्याचा त्यांचा १८९० चा दावा मात्र सपशेल फसला. मोठी माणसेही घाई करतात!

१८९२ मध्ये हॅम्बुर्गमध्ये पटकीने साडेआठ हजारांवर बळी घेतले. हे शहर एल्ब नदीचे पाणी न गाळता पीत होते. त्या नळांत गोगलगायी, शिंपले, किडे, अगदी वाम मासेही राहत, हे क्रेपेलिन या प्राणिशास्त्रज्ञाने काही वर्षे आधीच नोंदवले होते. शेजारचे अल्टोना तर हॅम्बुर्गची घाण मिसळलेले पाणी उचलत होते, पण वाळूतून गाळून. तिथे साथ फारशी पसरली नाही. हद्दीवरच्या रस्त्यात एका बाजूला रोगी, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीत.

त्याच हिवाळ्यात मात्र अल्टोनातही पटकी शिरली. कडाक्याच्या थंडीत एका गाळणीची वाळू गोठली होती आणि तिच्यावरची जिवंत साय बिघडली होती. गाळलेल्या पाण्यातले जंतू आधीच शेकड्यांच्या पलीकडे गेले होते. कोणी वेळीच पाणी थांबवले नाही. म्हणून कॉख यांनी दंडक घातला : प्रत्येक गाळणीचे पाणी रोज वेगळे तपासा, एका घन सेंटिमीटरमध्ये शंभराहून जास्त जंतू वाढले, तर ते नळात सोडू नका. १९०५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, २७ मे १९१० रोजी ते वारले.

कॉख जंतू मोजत. त्या सायीतले रोटिफर, सूत्रकृमी, सायक्लॉप्स मोजणे पुढच्यांनी सुरू केले. हे जीव जंतू खातात, म्हणून गाळणीला हवेच. एकाएकी रोडावले, तर गाळणी आजारी समजावी. फार वाढून पाण्याबरोबर निसटले, तर दुसरा धोका : कृमीच्या पोटातल्या जंतूपर्यंत क्लोरीन सहजी पोहोचत नाही. आपल्या पायविहिरींतून नारू पसरवणारा तो सायक्लॉप्सच. देश नारूमुक्त जाहीर झाला २००० साली.

वऱ्हाडाला जवळचे उदाहरण नागपूरच्या नीरी संस्थेचे. तिने १९७० च्या दशकात खेड्यांसाठी याच गाळण्यांवर काम केले. तपासणीला लागते ते साधेच : गाळलेले बरेच लिटर पाणी बारीक जाळीतून सोडायचे आणि जाळीवर उरलेले जीव सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजायचे.