झिंझोटीचे सूर बँडपर्यंत नेणारे मास्टर कृष्णराव

पुणे - संगणकावर गाणे बांधणाऱ्या तरुण संगीतकाराला आज एक सोय सहज उपलब्ध आहे. चाल वाजवायची, तिचे सप्तक सांगायचे आणि कळ दाबायची. चालीच्या साथीला लागणाऱ्या कॉर्डची, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या समूहांची, मालिका सॉफ्टवेअर क्षणार्धात समोर ठेवते. अशी कोणतीही सोय नसताना पुण्यातील एका ख्यालगायकाने रागातील एक चाल पाश्चात्त्य पद्धतीच्या बँडवर वाजवून दाखवण्याचा ध्यास घेतला होता. चाल होती ‘वंदे मातरम्’ची आणि प्रश्न होता स्वतंत्र भारताच्या राष्ट्रगीताचा. त्या गायकाचे नाव मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर.

कृष्णरावांचा जन्म २० जानेवारी १८९८ रोजी देवाची आळंदी येथे झाला. बालवयातच ते रंगभूमीवर आले आणि ‘नाट्यकला प्रवर्तक मंडळी’च्या नाटकांतील गाण्यांनी त्यांनी लौकिक मिळवला. पुढे त्यांना गायनाचार्य भास्करबुवा बखले यांचे शिष्यत्व लाभले. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांची तालीम बुवांनी आत्मसात केली होती. गुरूगृही मिळालेल्या या विद्येला कृष्णरावांनी आपल्या चपळ, खेळकर प्रतिभेची जोड दिली. १९२२ मध्ये बुवांचे निधन झाल्यानंतर त्यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या पुण्याच्या भारत गायन समाजाची धुरा पुढे दीर्घकाळ कृष्णरावांनी वाहिली.

‘गंधर्व नाटक मंडळी’त गायक नट आणि संगीतकार अशा दोन्ही नात्यांनी त्यांनी काम केले. ‘कान्होपात्रा’ या नाटकाच्या पदांना त्यांनी दिलेल्या चाली रसिकांनी डोक्यावर घेतल्या. १९३३ मध्ये ‘प्रभात फिल्म कंपनी’ कोल्हापूरहून पुण्यात आली आणि कृष्णरावांना नवे क्षेत्र खुले झाले. ‘धर्मात्मा’ (१९३५), ‘अमरज्योती’ (१९३६), ‘गोपालकृष्ण’ (१९३८), ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) या चित्रपटांचे संगीत त्यांचे. ‘माणूस’मध्ये शांता हुबळीकर यांच्या तोंडी असलेल्या एकाच गाण्यात त्यांनी अनेक भारतीय भाषांना स्थान दिले. मैफलीत एकट्याने राग मांडणारा हा गायक चित्रपटामुळे वाद्यमेळाचा आणि समूहस्वराचा विचार करू लागला. पुढच्या लढ्यात हा अनुभव त्यांच्या कामी आला.

‘वंदे मातरम्’साठी त्यांनी झिंझोटी रागाची निवड केली होती. ब्रिटिश राजवटीत मुंबई नभोवाणीवर गाताना त्यांनी हे गीत सुरू करताच प्रक्षेपण तोडण्यात आले. संतापलेल्या कृष्णरावांनी नभोवाणीवर बहिष्कार टाकला आणि वर्षानुवर्षे तो पाळला.

स्वातंत्र्यानंतर विरोधाचे रूप बदलले. १९४७ मध्ये न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी वाद्यवृंदावर ‘जन गण मन’ वाजवले गेले आणि त्याची प्रशंसा झाली. २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी केलेल्या निवेदनात राष्ट्रगीताच्या शब्दांपेक्षा त्याच्या सुरावटीला अधिक महत्त्व दिले. ‘वंदे मातरम्’ची चाल देशी-विदेशी वाद्यवृंदांना आणि लष्करी बँडला सहज पेलणारी नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

हा आक्षेप खोडून काढायचा तर बँडवर वाजवून दाखवण्यावाचून गत्यंतर नव्हते. समूहाला म्हणता येईल आणि संचलनाच्या ठेक्यात बसेल अशी चाल कृष्णरावांनी बांधली. मुंबईत नौदलाच्या बँडप्रमुखाचे साह्य घेऊन तिचे पाश्चात्त्य स्वरलेखन करवून घेतले आणि दिल्लीत घटना समितीच्या सदस्यांपुढे त्याची प्रात्यक्षिके सादर केली.

या कामातील अडचण समजून घेण्यासारखी आहे. राग हा एकामागून एक येणाऱ्या स्वरांचा प्रवास. बँडची साथ मात्र एकाच वेळी उमटणाऱ्या अनेक स्वरांवर उभी असते. झिंझोटी हा खमाज थाटातील राग. त्यात षड्ज-गंधार-पंचम हा समूह निर्वेधपणे बसतो. पेच पडतो तो पंचमावरील कॉर्डशी. पाश्चात्त्य प्रथेप्रमाणे तिथे शुद्ध निषाद हवा. त्याच्या ओढीनेच चाल षड्जावर विसावते. झिंझोटीत कोमल निषादाला महत्त्व आहे. शुद्ध निषाद घ्यावा तर रागाचा रंग उडतो, कोमल घ्यावा तर बँडच्या कानाला ओळखीची ओढ मंदावते. आजचे सॉफ्टवेअर हे दोन्ही पर्याय सुचवू शकते. मात्र त्यातील कोणता स्वीकारायचा, याचा निर्णय राग कानात मुरलेल्या माणसालाच करावा लागतो.

२४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी घटना समितीत ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत असेल आणि ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान राहील, असे जाहीर केले. गीताला सन्मान मिळाला, पण कृष्णरावांनी ज्यासाठी जिवाचे रान केले ते स्थान मिळाले नाही. त्यांच्या मागे ‘वंदे मातरम् कृष्णराव’ ही बिरुदावली तेवढी राहिली. आज ‘वंदे मातरम्’ म्हटले की बहुतेकांच्या कानी येते ती आकाशवाणीवरील देस रागातील चाल.

या निराशेने ते खचले नाहीत. १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या इच्छेनुसार त्यांनी बुद्धवंदनेला स्वरसाज चढवला. राम मराठे, योगिनी जोगळेकर यांसारखे शिष्य घडवले आणि ‘रागसंग्रहा’च्या खंडांतून आपल्याजवळचा बंदिशींचा ठेवा अभ्यासकांपुढे ठेवला. केंद्र सरकारने १९७१ मध्ये ‘पद्मभूषण’ देऊन त्यांचा गौरव केला. २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

भारतीय रागाला हार्मनीची साथ द्यावी की नाही, हा वाद अद्याप मिटलेला नाही. संगणकामुळे तो आता घरोघरच्या ध्वनिमुद्रण खोल्यांत पोहोचला आहे. रागाशी इमान राखून बँडपर्यंत जाता येते, हे दाखवण्यासाठी पुण्याच्या या गायकाने आपली प्रतिष्ठा पणाला लावली होती, याची जाणीव त्या खोल्यांत बसणाऱ्यांनी ठेवायला हवी.