मेंढपाळांचा कवी व्हर्जिल

लॅटिन भाषेचे महाकवी व्हर्जिल ह्यांचा जन्म १५ ऑक्टोबर, इ. स. पूर्व ७० रोजी उत्तर इटलीतील मांटुआ नगराजवळच्या आंदेस ह्या खेड्यात झाला. क्रेमोना, मिलान व रोम येथे त्यांनी शिक्षण घेतले. परंतु त्यांचे मन शेतीत आणि गुराढोरांतच रमले.

इ. स. पूर्व ४२ मध्ये फिलिप्पी येथे रोमन सेनापतींची घनघोर लढाई झाली. ह्याच नगरातील ख्रिस्ती मंडळीस पुढे संत पौलाने पत्र लिहिले. विजयी सैनिकांना इनाम देण्यासाठी क्रेमोना व मांटुआ परिसरातील शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घेण्यात आल्या. व्हर्जिल ह्यांच्या कुटुंबालाही ही झळ पोहोचली, असे प्राचीन चरित्रकार सांगतात.

ह्याच काळात त्यांनी दहा मेंढपाळगीते रचली. थिओक्रिटस ह्या ग्रीक कवीचा आदर्श त्यांच्यापुढे होता. पहिल्या गीतात दोन मेंढपाळ भेटतात. एकाची जमीन वाचली आहे. दुसरा सर्वस्व गमावून शेळ्या हाकीत निघाला आहे. वाटेत खडकावर जन्मलेली करडे त्याला तेथेच सोडावी लागली आहेत. अखेरीस पहिला त्याला एका रात्रीचा आसरा देऊ करतो.

इ. स. पूर्व ४० च्या सुमारास रचलेल्या चौथ्या गीतात एका बालकाच्या जन्माने सुवर्णयुग अवतरेल, अशी आशा आहे. ते बालक कोण, ह्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. सम्राट कॉन्स्टंटाईन ह्यांनी त्यात प्रभू येशूच्या आगमनाची चाहूल पाहिली. संत ऑगस्टीन ह्यांनीही तसा अर्थ लावला. संत जेरोम ह्यांनी मात्र व्हर्जिल ह्यांना ख्रिस्ती ठरविणाऱ्यांची कानउघाडणी केली. दान्ते ह्यांनी आपल्या महाकाव्यात त्यांना वाटाड्या केले, पण स्वर्गाच्या दारापर्यंतच.

२१ सप्टेंबर, इ. स. पूर्व १९ रोजी ब्रिंडिसी येथे व्हर्जिल निवर्तले. अपूर्ण राहिलेले ‘एनीड’ जाळावे, ही त्यांची इच्छा सम्राट ऑगस्टसने मानली नाही.

व्हर्जिल संदेष्टे नव्हते. परंतु युद्धाने बेघर झालेल्या माणसाची शांतीची तहान त्यांनी जाणली आणि ती एका बालकाच्या पाळण्याशी नेऊन ठेवली. त्या गीताला चाळीस वर्षे होण्यापूर्वीच त्याच ऑगस्टसच्या राज्यात बेथलेहेमच्या रानात शुभवार्ता उतरली. ती प्रथम ऐकली, तीही मेंढपाळांनीच.