डॉ. आनंदीबाई जोशी : एका अर्जामागची तयारी

विज्ञान शाखा घेतली की घरोघरी डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची चर्चा सुरू होते. म्हणून या वेळी आम्ही डॉ. आनंदीबाई जोशी यांची ओळख करून देत आहोत.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, माहेर कल्याणचे. नवव्या वर्षी लग्न झाले. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांतच गेला. या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय झाला.

पती गोपाळराव पोस्टात नोकरीला होते. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा बदल्या होत राहिल्या. घरकाम आणि लोकांची टवाळी सोसून आनंदीबाईंनी संस्कृत व इंग्रजीचा अभ्यास केला. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील सेरामपूरच्या कॉलेजात त्यांनी आपण अमेरिकेला का जातो, हे इंग्रजीत सांगितले. एप्रिलमध्ये त्या पतीशिवाय निघाल्या.

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी हेतू स्पष्ट कळवला : पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या भगिनींची सेवा. प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ रोजी पदवीही मिळाली. कोल्हापुरात नेमणूक झाली. पण क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, एकविसाव्या वर्षी, त्या गेल्या.

विद्यार्थी मित्रांनो, बुऱ्हाणपुरात आपल्या घरी मराठी, बाजारात हिंदी आणि वैद्यकाची पुस्तके बहुधा इंग्रजीत. भाषेला घाबरू नका, ती शिकता येते. फॉर्म भरण्याआधी मात्र डॉक्टर का व्हायचे, याचे उत्तर तुमचे स्वतःचे असावे. पालकांनीही ते एकदा ऐकून घ्यावे, ही विनंती.